लोगो पीएनजी करण्याआधी

जेपीजी लोगोचं पारदर्शक पीएनजी करायचंय ना? नुसतं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .jpg) बदलून जेपीजीचं पीएनजी होत नाही, नाव बदलतं एवढंच. गिंप या मोफत फोटो एडिटरमध्ये फाइल उघडून 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' केलंस की खरं पीएनजी मिळेल, पण पांढरी पार्श्वभूमी तशीच राहील. जेपीजीत पारदर्शकता साठवायला जागाच नसते. पार्श्वभूमी पारदर्शक आपल्यालाच करावी लागते.

आधी लेअर मेन्यूतून अल्फा चॅनल (पारदर्शकता साठवायची जागा) जोड. हे राहिलं तर डिलीट दाबल्यावर पारदर्शक होण्याऐवजी बॅकग्राउंडचा रंग भरतो आणि माणूस चक्रावतो. मग फझी सिलेक्टने (सलग एकसारख्या रंगाचा भाग निवडणारं टूल) पांढरा भाग निवडून उडव. 'कलर टू अल्फा' (निवडलेला रंग सगळीकडून पारदर्शक करणारी सोय) सोपं वाटतं, पण ते लोगोतली पांढरी अक्षरंही खाऊन टाकतं. काम झालं की खाली गडद लेअर टाकून बघ. कडेला पांढुरकी रेघ दिसली तर सिलेक्शन एक-दोन पिक्सेल वाढवून पुन्हा उडव. पीएनजीत पारदर्शकतेच्या 256 पायऱ्या असतात, म्हणून कडा मऊ राहतात. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर दिसतो, नाहीतर नाही.

आणि हो, जेपीजीत अक्षरांभोवती आलेली धूळ (बारीक डाग) पीएनजी केल्याने जात नाही, ती जशीच्या तशी जपली जाते! शक्य असेल तर डिझायनरकडून मूळ फाइलच माग. लग्नाचे फोटो मात्र जेपीजीच ठेव, पीएनजीत उगाच कित्येक पट जागा खातील.

तयार लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवलास तर तो पुन्हा जेपीजी होतो.