लेखक गेला, पॅच राहिला

प्रिय मित्रा,

तुझा मेल मिळाला. लेखक अर्ध्यात सोडून गेलेली ती पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रोजेक्टच्या कोडमध्ये घ्यावा म्हणून पाठवलेला प्रस्ताव) उघडून पाहिली. काम चांगलं आहे. रिव्ह्यूमध्ये एक टेस्ट मागितली होती आणि फंक्शनचं नाव बदलायला सांगितलं होतं. लिहिणाऱ्याने ‘वीकेंडला करतो’ म्हटलं, आणि तेव्हापासून ते भिजत घोंगडं पडून आहे. तू विचारतोस, ‘हे सगळं नव्याने लिहून माझ्या नावावर पाठवू का?’ नको. आयत्या बिळावर नागोबा व्हायची गरजच नाही.

माणूस गायब होण्यामागे सहसा काही नाट्य नसतं. नोकरी बदलते, घरी बाळ येतं, किंवा ज्या कामासाठी तो बग नडत होता ते कामच संपतं. म्हणून त्याच पुल रिक्वेस्टवर साधा निरोप टाक: ‘उरलेलं मी पूर्ण करू शकतो. तुम्ही करणार असाल तर थांबतो. दोन आठवड्यांत काही कळलं नाही, तर तुमचे कमिट तसेच ठेवून पुढे नेतो.’ (कमिट म्हणजे कोडमधला नोंदवलेला एकेक बदल.) मुदत लिहायचीच. ‘काही अपडेट?’ एवढंच मात्र कुणालाही लिहू नकोस. त्याने समोरच्याला फक्त ओशाळं वाटतं, काम पुढे सरकत नाही.

मुदत संपली की त्यांचे कमिट तुझ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) घे, रीबेस कर, म्हणजे ते आजच्या ताज्या कोडवर बसव, आणि तुझी टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये घाल. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ऑथर (लिहिणारा) आणि कमिटर (नोंदवणारा) ही नावं वेगवेगळी नोंदली जातात, त्यामुळे रीबेस किंवा चेरी-पिक केलं (एखादाच कमिट उचलून घेतला) तरी ऑथर मूळचाच राहतो. प्रोजेक्टमध्ये सगळं स्क्वॉश करून एकच कमिट करायची पद्धत असेल, तर ‘को-ऑथर्ड-बाय’ची, म्हणजे सहलेखकाचं नाव देणारी, ओळ शेवटी टिकली आहे ना, ते बघ. नव्या पुल रिक्वेस्टच्या पहिल्याच वाक्यात जुनीचा नंबर दे.

हा नुसता शिष्टाचार नाही. कॉपीराइट दुसऱ्या कुणाला लिहून दिलेला नसेल तर तो सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. लिनक्समध्ये आपला कोड घातल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीचा खटला सुरू झाल्यावर, २००४ मध्ये, लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे ‘हा कोड देण्याचा मला हक्क आहे’ असं नावानिशी सांगणाऱ्या ओळीची, पद्धत आली, ती कोड कोणाच्या हातून कसा आला हे दाखवता यावं म्हणून. ती ओळ लागणाऱ्या प्रोजेक्टमध्ये मूळ लेखकाच्या वतीने तू ती परभारे लिहायची नाहीस. फक्त आपली जोडायची.

आता मेंटेनरच, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारेच, दिसत नाहीत, हे जास्त अवघड. आधी बघ, ते खरंच गेलेत की फक्त याच रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) फिरकत नाहीत? मर्जचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेण्याचा, हक्क आणखी कुणाला आहे का? मग तिथली रीत शोध. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात २०१८ पासून दुर्लक्षित पॅकेज ‘सॅल्व्हेज’ करता येतं, म्हणजे सांभाळायला घेता येतं: इरादा उघडपणे बग म्हणून नोंदवायचा, किमान २१ दिवस थांबायचं, त्यानंतरचं अपलोडही सात दिवसांच्या विलंबाने करायचं. मधे मेंटेनरने हरकत घेतली की विषय संपला. पायथॉन भाषेची पॅकेज जिथे ठेवतात त्या पायपीआयवर नियम पेप ५४१ या दस्तऐवजाचे. बारा महिन्यांत रिलीज नाही, मालकाची प्रोजेक्टच्या पानावर हालचाल नाही आणि संपर्कही होत नाही, तरच पॅकेज बेवारस धरतात. ते मागणाऱ्याने स्वतः संपर्काचे प्रयत्न केल्याचं दाखवायचं, आपल्या फोर्कवर (मूळ कोडची प्रत घेऊन वेगळ्या चालवलेल्या प्रोजेक्टवर) केलेली सुधारणा दाखवायची, आणि वेगळ्या नावाने फोर्क का चालणार नाही तेही सांगायचं. तरुणांना ही दिरंगाई वाटते. मला ती हवीशी वाटते.

कारण एक्सझेडचा प्रकार. एक्सझेड हे कॉम्प्रेशनचं (फाइल लहान करणारं) सॉफ्टवेअर लासे कॉलिन बिनपगारी, छंद म्हणून सांभाळत होते. २०२२ मध्ये काही नावांनी मेलिंग लिस्टवर तगादा लावला: पॅच पडून आहेत, नवा मेंटेनर आणा. आपलं मानसिक स्वास्थ्य बरं नसल्याचं कॉलिननी तिथेच लिहिलं होतं. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी मन लावून मदत करत होतं. हळूहळू त्याच्याकडे हक्क गेले आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतून बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) बाहेर पडला. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून २९ मार्चला तो उघडकीस आला.

तेव्हा तू ‘मी सांभाळतो’ म्हणालास आणि समोरच्याने संशयाने पाहिलं, तर रागावू नकोस. हक्क मागूच नकोस. दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट तपास, जुने बग नव्या आवृत्तीवर चालवून पाहा, निकाल तिथेच लिही. अनोळखी माणसाने मोठ्या प्रोजेक्टची किल्ली मागावी हे मला आता मुळात रुचतच नाही, मग तो कितीही भला असो.

अगदीच काही हललं नाही, तर फोर्क आहेच. त्यात भांडण नसतं. पायथॉनच्या पीआयएल या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीची शेवटची आवृत्ती २००९ ची. पिलो हा तिचा फोर्क, आणि आजही आपण इम्पोर्ट करताना पीआयएलच लिहितो. पण फोर्क म्हणजे उद्याचे बग तुझ्या दारात, हे लक्षात ठेवूनच बटण दाब.

तूर्त तो पहिला निरोप टाक. नव्या पुल रिक्वेस्टचं वर्णन लिहिलंस की लिंक पाठव. इंग्रजी मी तपासणार नाही, रीबेस तपासतो.

तुझा,
जुना रिव्ह्यूअर