पीएचडीचा विषय ठरवण्याआधी

नेट-सेटची तयारी चालू ठेव, पण विषयाची घाई करू नकोस. अल्पसंख्याकांच्या हक्कांवर लिहिणारे राजकीय तत्त्वज्ञ विल किमलिका, भिखू पारेख वाच. मग रेवदंड्याजवळच्या कोर्लईला जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात आणि मुलं मराठी शाळेत शिकलेली. संविधानाचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढू देतो. अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांना करायला सांगतो. पण शासन एवढ्याशा बोलीचं किती देणं लागतं? आणि समाजाला बोली टिकवायची असेल, पण तिथल्याच एखाद्या पोरीला मुंबईत नोकरी हवी असेल, तर कोणाचं ऐकायचं? माझ्या मते खरं तत्त्वज्ञान इथेच आहे, आणि त्यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं. पहिला मसुदा मराठीतच लिही, मी वाचेन.