बाल्कनीत घरट्याचे साहित्य ठेवण्याविषयी: काय द्यावे आणि काय मुळीच देऊ नये

आपला प्रश्न असा आहे की, पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वसंत ऋतूत घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांसाठी औषधाच्या दुकानातला कापूस, लोकरीचे धागे आणि घरच्या कुत्र्याचे विंचरलेले केस कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरून टांगले तर चालतील काय. यांपैकी एकही वस्तू आहे त्या स्वरूपात ठेवू नये, आणि ती जाळीची पिशवी तर मुळीच टांगू नये. कारणे सविस्तर लिहितो, कारण ती लक्षात आली की कोणत्याही नव्या वस्तूविषयी आपला निर्णय आपल्यालाच घेता येईल.

औषधाच्या दुकानातला कापूस पाणी शोषून घेतो, कारण त्याच्या तंतूंवरचे नैसर्गिक मेण प्रक्रियेत काढून टाकलेले असते. एखाद्या वळवाच्या सरीत असे अस्तर भिजले की ते लवकर वाळत नाही आणि अंगावर पिसे न आलेली पिल्ले गारठतात. शिवाय त्याचे बारीक तंतू पिल्लांच्या नखांत अडकतात. याउलट सावरीचा कापूस मेणचट असतो, त्यावर पाणी ठरत नाही, आणि म्हणूनच पक्षी तो आवर्जून गोळा करतात. लोकरीचा लांब धागा, नायलॉनची दोरी, शिलाईचा दोरा आणि माणसाचे लांब केस यांचा धोका वेगळा आहे. पिल्लू घरट्यात सतत हालचाल करते, धाग्याचा वेढा पायाभोवती बसतो, पाय वाढतो पण धागा तुटत नाही, आणि शेवटी रक्तपुरवठा थांबून पाय निकामी होतो. उडण्याच्या वेळी असे पिल्लू घरट्यालाच लटकून राहते. फणीतले केस खिडकीतून टाकून देण्याची सवय अनेक घरांत आहे. ती केवळ एवढ्या कारणासाठी सोडावी.

कुत्र्याच्या केसांविषयी विशेष काळजी घ्यावी. पिसवा आणि गोचिडांसाठी मानेवर टाकण्याच्या औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड यांसारखी कीटकनाशके असतात आणि ती केसांत टिकून राहतात. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील टिट जातीच्या पक्ष्यांची १०३ घरटी तपासली, आणि त्या प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल सापडले. ज्या घरट्यांत या विषारी द्रव्यांचे प्रमाण अधिक होते, त्यांत न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लेही अधिक आढळली. ज्या कुत्र्याला असे औषध कधीच लावलेले नाही आणि औषधी शाम्पूही वापरलेला नाही, त्याचेच आखूड केस चिमूटभर ठेवता येतील. शंका असेल तर ठेवू नयेत.

आता वेळेविषयी. युरोप-अमेरिकेतील व्हिडिओंत साहित्याच्या टोपल्या वसंतात टांगलेल्या दिसतात, कारण तिथे विणीचा मुख्य काळ वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीचाच असतो. आपल्याकडे मात्र तो दोन भागांत विभागलेला आहे. बुलबुल, दयाळ, सूर्यपक्षी, कावळा हे प्रामुख्याने फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंत घरटी करतात. शिंपी मार्चपासूनच सुरुवात करतो, पण त्याचा जोर पावसाळ्यात असतो. सुगरण आणि ठिपकेवाली मुनिया तर हिरवे गवत उंच वाढण्याचीच वाट पाहतात. सुगरणीचा नर ताज्या हिरव्या पात्यांच्या पट्ट्या स्वतः चोचीने फाडून काढतो, कारण वाळलेली पट्टी विणताना मोडते. त्यामुळे त्याच्यासाठी टोपलीत काही ठेवण्याचा उपयोग नाही. त्याला हवे असते ते जवळचे न कापलेले गवत, भाताचे शेत किंवा शिंदीचे झाड.

आपल्या बाल्कनीत येण्याची खरी शक्यता शिंपी, बुलबुल, सूर्यपक्षी आणि चिमणी यांची आहे, आणि माझ्या मते यांतील शिंपी आणि सूर्यपक्षी यांच्याकडे आपण अधिक लक्ष द्यावे. शिंप्याची मादी रुंद, मऊ पानाच्या कडांना चोचीने छिद्रे पाडते आणि त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओवते. ती गाठ मारत नाही. तंतूचे टोक बाहेरच्या बाजूला फुलते आणि छिद्रात अडकून बसते. पान झाडावर जिवंत आणि हिरवेच राहते, म्हणून घरटे सहज दिसत नाही. शिवलेल्या पानाच्या आत मऊ अस्तर लागते आणि तिथे सावरीची किंवा रुईची म्हातारी उपयोगी पडते. काटेसावरीची बोंडे एप्रिल-मे महिन्यांत फुटतात. झाडाखाली पडलेली चार-दोन बोंडे आणून ठेवली तर याहून चांगले साहित्य मिळणार नाही. ते मिळाले नाही तर देवाच्या वातींसाठी घरी सरकी काढलेला, प्रक्रिया न केलेला देवकापूस चालतो. मात्र त्याची वात वळू नये. बोराएवढे सैल पुंजके ठेवावेत.

सूर्यपक्ष्याचे लोंबते घरटे गवताचे तुकडे, सालीचे कपटे आणि वाळलेली पाने यांचे असते, पण हे सर्व एकत्र धरून ठेवते ते कोळ्याचे जाळे. ते चिकट असते आणि ताणले तरी तुटत नाही, म्हणून पिल्ले वाढू लागली की घरटेही त्यांच्याबरोबर फुगते. नाचण हा पक्षीही आपल्या पेल्यासारख्या घरट्यावर बाहेरून जाळ्यांचे लिंपण करतो. हे साहित्य आपण देऊ शकत नाही, फक्त राहू देऊ शकतो. गुढीपाडव्याच्या आधी घराची साफसफाई करताना आपण बाल्कनीच्या छतावरची आणि ग्रिलच्या कोपऱ्यांतली जाळी नेमकी त्यांना गरज असते तेव्हाच झाडून टाकतो. घराच्या आतली जाळी अवश्य काढावी, पण बाहेरचे दोन-तीन कोपरे पावसापर्यंत तसेच ठेवावेत आणि तेथे कीटकनाशक फवारू नये. फवारणी टाळण्याचे दुसरे कारण असे की, ही पिल्ले मुख्यतः अळ्या आणि किड्यांवर वाढतात.

बुलबुल आणि चिमणी यांना खरखरीत साहित्य लागते: वाळलेल्या गवताच्या काड्या, बारीक मुळ्या, नारळाचा काथ्या. सोडणाचा काथ्या हाताने सोडवून, साधारण चार इंचांहून आखूड करून ठेवावा. सुतळीही उकलून तशीच आखूड कापावी. चिमण्यांना मऊ पिसेही आवडतात, पण कोंबडीच्या दुकानातली पिसे आणू नयेत. दयाळाला साहित्यापेक्षा ढोलीची गरज अधिक असते. कबुतरांमुळे बाल्कनीत मोठ्या काटक्या ठेवू नयेत. ती एकदा स्थिरावली की लहान पक्षी येत नाहीत, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

ओल्या मातीचा उल्लेख सहसा कोणी करत नाही, म्हणून तो मुद्दाम करतो. भिंगऱ्या घरट्यासाठी चिखलाचे लहान गोळे चोचीतून आणतात, आणि उन्हाळ्यात शहरात ओली माती मिळणे कठीण होते. गच्चीवर किंवा अंगणात उथळ थाळीत चिकणमाती सतत ओली ठेवली तर त्यांना मदत होते. तिसऱ्या मजल्याच्या बंदिस्त बाल्कनीत त्या बहुधा येणार नाहीत. सोसायटीची गच्ची यासाठी अधिक योग्य आहे.

ठेवण्याची पद्धत साधी असावी. बांबूची परडी किंवा विणलेली टोपली घ्यावी, तीत साहित्य सैल भरावे आणि पावसाचे किंवा कुंड्यांचे पाणी पडणार नाही अशा जागी, मांजर पोहोचणार नाही इतक्या उंचीवर अडकवावी. कांद्याच्या नायलॉन जाळीत पक्ष्यांची नखे गुंततात, म्हणून ती टाळावी. जोराचा पाऊस सुरू झाला की परडी काढून घ्यावी, कारण ओल्या काथ्याला बुरशी लागते. संक्रांतीनंतर खालच्या झाडांवर मांजा अडकलेला दिसला तर तो काढून घेण्याची व्यवस्था करावी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली तरी तो अजूनही झाडांवर सापडतो. निर्माल्याचे हार कुंड्यांत टाकण्यापूर्वी त्यांतील दोरे काढावेत.

एखाद्या पक्ष्याने आपल्या कुंडीतच घरटे केले तर परडी तेथून दूर न्यावी, कारण तिथल्या वर्दळीने कावळ्यांचे लक्ष घरट्याकडे जाते. त्या कुंडीची छाटणी आणि जागाबदल पिल्ले उडून जाईपर्यंत थांबवावेत. बुलबुलाची अंडी उबण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि पिल्ले त्यानंतर जवळपास तेवढ्याच काळात घरटे सोडतात, म्हणजे महिनाभराचा संयम पुरेसा आहे. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना हानी पोहोचवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीच्या व्याख्येत येते, हे सोसायटीच्या माळ्यालाही सांगून ठेवावे. त्या कुंडीला पाणी द्यायचे असेल तर ते पक्षी बाहेर गेलेला असताना, बुंध्याशी, सावकाश घालावे.