पैलवान घरी बसला, आता पुढं काय?

“मुलगा अकरा वर्षं तालमीत होता. गुडघा गेला, कुस्ती सुटली. आता खोलीतून बाहेर येत नाही, जेवणापुरता उठतो. आम्ही त्याला कुस्तीत घातलं हेच चुकलं का?” कोल्हापूर-सांगली भागातले आईवडील हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात. कधी कुस्तीच्या जागी कबड्डी असते, कधी धावणं. पुढच्या प्रकरणात ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा चोवीस वर्षांचा. घर ऊस पिकवणारं, जमीन अडीच एकर. तेराव्या वर्षी तो शहरातल्या तालमीत राहायला गेला. पुढे ८६ किलो वजनगटात राज्य पातळीवर रौप्यपदक मिळवलं. जत्रेच्या मैदानात उजव्या गुडघ्याचा मुख्य लिगामेंट तुटला आणि आतली गादीही फाटली. दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी नऊ महिने मॅटवर जायचं नाही असं बजावलं होतं. तो पाचव्या महिन्यात उतरला, कारण निवड चाचणी होती आणि घर, गाव, तालीम यांपैकी कुणीही ‘नको’ म्हटलं नाही.

नऊ महिने हा आकडा डॉक्टर उगाच सांगत नाहीत. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बहुतेक वेळा मांडीमागच्या स्नायूचा कंडरा बसवतात. तो हाडात रुजायला आणि पिळाचा ताण सोसायला वेळ लागतो. चालताना पाय चांगला वाटतो, दुखत नाही, सूज नसते, म्हणून बरा झालाय असं वाटतं. या मुलाची ऑपरेशन झालेल्या पायाची मांडी तेव्हा दुसऱ्या मांडीपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होती. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, समोरचा खाली शिरला आणि गुडघा पुन्हा सरकला. या वेळी डॉक्टरांनी कुस्ती बंद करायला सांगितलं.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला आईवडील एकटेच आले. मुलाला आणता आलं नाही म्हणून वडील ओशाळले होते. मुलाला ओढून आणू नये, असंच त्यांना सांगितलं. अशा प्रकरणात पहिल्या एकदोन भेटी आईवडिलांच्याच झालेल्या बऱ्या, कारण घरात काय बोललं जातं हे आधी बदलावं लागतं आणि ते त्यांच्याच हातात असतं.

त्यांना एक काम दिलं. आठ दिवस मुलाशी जे काही बोलाल ते रोज रात्री वहीत उतरवून ठेवायचं. आईंनी प्रामाणिकपणे लिहिलं. एकूण ४३ वाक्यं झाली. सतरा जेवणाबद्दल, चौदा गुडघ्याबद्दल, नऊ नोकरीबद्दल. उरली तीन. त्यांतलं एक होतं, “लाईट आली, मोटार चालू करून ये.” एका शब्दापेक्षा मोठं उत्तर त्याने फक्त त्या तीन वाक्यांनाच दिलं होतं.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. घरात, गावात, फोनमध्ये सगळीकडे तो ‘पैलवान’ होता. नावाने हाक मारणारी फक्त आजी, आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली. कुस्ती सुटल्यावर त्या हाकेला ओ द्यायची त्याला लाज वाटत होती, आणि दुसरी हाक घरात नव्हती. आईवडिलांनी त्या आठवड्यापासून नावाने हाक मारायला सुरुवात केली. वडिलांच्या तोंडी ते बसायला पंधरा दिवस गेले.

मुलगा तिसऱ्या भेटीला स्वतःहून आला. अशा भेटीत झोप, भूक, दारू याबरोबर एक प्रश्न थेट विचारावाच लागतो: “जगू नये असं वाटतं का? तसं काही करायचं मनात आलं होतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलाच तर बोलायला वाट मिळते. त्याने सांगितलं, झोपेत मरण आलं तर बरं असं वाटतं, करायचं काही ठरवलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला त्याच आठवड्यात पाठवलं, घरातली कीटकनाशकं वडिलांनी कुलपात ठेवली, आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्या आणि आईच्या, दोघांच्या फोनमध्ये टाकला. शेतकरी घरात कीटकनाशकांची ही काळजी कधीही टाळू नये.

मानसशास्त्रात ‘खेळाडू म्हणून असलेली ओळख’ मोजायची एक प्रश्नावली आहे, १९९३ साली प्रसिद्ध झालेली. माझे बहुतेक मित्र खेळाडूच आहेत का, खेळ हीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे का, असं त्यात विचारतात. ही ओळख घट्ट असणं सरावाच्या काळात उपयोगी पडतं. त्याशिवाय कोण पहाटे चारला उठून हजार जोर काढेल? पण तेवढी एकच ओळख असली तर दुखापतीने खेळ जातो तेव्हा माणसाला पाय टेकायला जागा उरत नाही. या मुलाची सगळी उत्तरं टोकाची होती. एकच मित्र कुस्तीबाहेरचा, शाळेतला, आता गावात दूध संकलन करणारा. त्या मित्राचं नाव कागदावर लिहून ठेवलं.

मग खुराक. या विषयावर पुष्कळ वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. सराव थांबला तरी खुराक तसाच चालू होता: रोज दोन लिटर म्हशीचं दूध, शंभर बदामांची थंडाई, वर तूप. नुसत्या दुधातूनच दोन हजारांच्या आसपास कॅलरी. सात महिन्यांत वजन ८८ वरून १०२ किलोवर गेलं, आणि तो सगळा भार त्याच गुडघ्यावर. आहारतज्ज्ञांनी आईंना हे आधीच सांगितलं होतं, पण आईंनी काहीच कमी केलं नव्हतं. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, “आता कमवायचा नाही म्हणून दूध बंद केलं, असं वाटेल की त्याला.”

अकरा वर्षं त्या माउलीने बदाम भिजवून, सोलून, वाटून जे दिलं त्यापलीकडे माया सांगायला तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. तो खुराक एकदम काढून घेतला असता तर त्यांची भीती खरी ठरली असती. म्हणून दूध दर पंधरवड्याला अर्धा लिटरने कमी करायचं ठरलं, म्हणजे सहा आठवड्यांत अर्ध्या लिटरवर. बदाम पंधरावर आणायचे, पण वाटून आईनेच द्यायचे. आणि हे का करतोय ते आईने मुलाला स्वतः सांगायचं, गुडघ्याचा हिशोब दाखवून. फिजिओथेरपिस्टने मांडीची ताकद वाढवायचे व्यायाम लावले, आठवड्यातून चार दिवस. चार महिन्यांत वजन ९४ वर आलं.

पैशाचा विषय त्याने पाचव्या भेटीत काढला, तोही आडून. कोल्हापूरकडच्या प्रत्येक पैलवानाला खाशाबा जाधवांची गोष्ट पाठ असते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि पुढे कुस्त्या करून ते पैसे फेडले असं सांगतात. मुलगा म्हणाला, “त्यांनी फेडलं. मी काय फेडणार?” त्याच्या मनातला आकडा होता तीस लाख.

पुढच्या भेटीला वडिलांना खातेवही घेऊन बोलावलं. दोन वेगळे रकाने केले: झालेला खर्च आणि उरलेलं देणं. तालीम आणि खुराकाचा अकरा वर्षांचा खर्च अठरा लाखांच्या आसपास भरला, पण तो उसाच्या बिलातून भागत गेला होता. देणं होतं पतसंस्थेचं तीन लाख ऐंशी हजार आणि हातउसने साठ हजार. पतसंस्थेच्या कर्जातलेही दीड लाख बोअरवेलचे निघाले. वडिलांनी वही मिटली आणि म्हणाले, “हे माझं देणं आहे. तुझ्या अंगावर कधी लिहिलंच नव्हतं.” हे वाक्य आम्ही त्यांना शिकवलेलं नव्हतं. आईवडिलांनी असा हिशोब मुलासमोर मांडायला हवा. न मांडलेला आकडा मुलाच्या मनात वाढतच राहतो.

खाशाबांच्या गोष्टीतली एक बाजू त्या दिवशी बोलण्यात आली. घर गहाण ठेवणारा माणूस वस्ताद नव्हता, कॉलेजचा प्राचार्य होता. खाशाबांना विद्यार्थी म्हणून ओळखणारं कुणीतरी तालमीबाहेर होतं. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, ते पोलीस उपनिरीक्षक झाले. मुलाने दुसऱ्या वर्षात सोडलेल्या बी. ए.चा उल्लेख इथे पहिल्यांदा केला.

मध्येच एक गडबड झाली. जागतिक स्पर्धेत पदक मिळवणाऱ्या राहुल आवारेंना पोलीस उपअधीक्षकपद मिळालं, मग आपल्या पोराला शिपाई तरी होता येईल, असं म्हणून चुलत्यांनी परस्पर पोलीस भरतीचा अर्ज भरला. हेतू चांगलाच होता. पण शिपाई भरतीत ५० गुणांची मैदानी चाचणी असते: १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं, गोळाफेक. आठ दिवस डांबरी रस्त्यावर पळाल्यावर गुडघ्यात पाणी झालं. मुलगा पुन्हा खोलीत गेला, आणि तीन आठवड्यांची कमाई गेली. यानंतर चुलत्यांनाही भेटीला बोलावलं. घरात निर्णय घेणारे जितके, तितके सगळे एकदा तरी समोर बसायला हवेत. इथे ते सुरुवातीलाच करायला हवं होतं.

आता वस्ताद. घरचे काहीही म्हणोत, पैलवानाच्या मनात शेवटचा शब्द वस्तादांचा असतो. गुडघा दुसऱ्यांदा गेल्यापासून वस्तादांचा एकही फोन नव्हता. मुलाने त्याचा अर्थ लावला की वस्ताद नाराज आहेत. वस्तादांशी बोलल्यावर कळलं, त्यांना वाटत होतं की आपण गेलो तर पोराच्या जखमेवर मीठ पडेल. दोघंही एकमेकांना जपत गप्प बसले होते.

वस्तादांनी घरी जावं, पण तयारीने, असं ठरलं. ‘अजून एकदा बघू’ म्हणायचं नाही, कारण त्या एका वाक्यावर पोरगं वर्षभर थांबून राहील. दुसऱ्या पैलवानांची उदाहरणं द्यायची नाहीत. पाचव्या महिन्यात मॅटवर उतरू दिलं ही चूक आपली, हे जमलं तर म्हणायचं. ते शेवटचं वस्तादांना जड जाईल असं वाटलं होतं, पण त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. मुलगा रडला. आईंच्या म्हणण्याप्रमाणे, लहानपणानंतर पहिल्यांदाच.

वस्तादांनी त्याला लगेच तालमीत बोलावलं, आणि तिथे पुन्हा थोडं चुकलं. पहिल्या संध्याकाळी त्याच्याच जोडीचे पैलवान लढतीची तयारी करत होते. तो अर्ध्या तासात परत आला. मग वेळ बदलली. रविवारी सकाळी लहान मुलांचा सराव, तेव्हा मोठे नसतात. कामही आधी शिकवण्याचं दिलं नाही. मुलांची वजनं घ्यायची, स्पर्धेचे अर्ज भरायचे, प्रमाणपत्रं फाइलला लावायची. दोन महिन्यांनी तो स्वतःच पोरांना ढाक हा डाव दाखवायला मातीत उतरला, गुडघ्याला पट्टा लावून.

त्या फायलींतून त्याला स्वतःची फाइल आठवली. राज्य शासनाच्या थेट भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण नुसतं पदक दाखवून भागत नाही. प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी लागते, आणि कोणत्या पातळीचं पदक कोणत्या गटाच्या पदाला चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. त्याच्या एका प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव चुकीचं होतं. दुरुस्तीसाठी संघटनेकडे पाच फेऱ्या झाल्या. स्पर्धा संपल्याच्या आठवड्यातच प्रमाणपत्र तपासलं तर हे एका फेरीत होतं.

तालमीबाहेरचा वडीलधारा म्हणून त्याच्या जुन्या शाळेतले क्रीडाशिक्षक पुढे आले. महिन्यातून दोनदा भेट, एका वेळी एकच काम, आणि पुढच्या भेटीत त्याचीच विचारणा. बी. ए. मुक्त विद्यापीठातून पूर्ण करायचं, मग दोन वर्षांचं बी. पी. एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका, असा आराखडा सरांनीच करून दिला. बी. पी. एड.च्या प्रवेशातही मैदानी चाचणी असते, म्हणून ती तारीख फिजिओथेरपिस्टला विचारून ठरली. दूध संकलनवाला मित्र त्याला पहाटे केंद्रावर घेऊन जाऊ लागला. हिशोब चोख म्हणून तिथे त्याला महिना सहा हजार मिळतात. घरातल्या पैशात हे फार नाहीत, पण पहिले सहा हजार त्याने आईच्या हातात दिले.

दीड वर्ष झालं. बी. ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. औषध मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होतंय. जत्रेच्या मैदानाला तो अजून जात नाही, आणि घरात कुणी जा म्हणत नाही.

शेवटच्या भेटीत वडिलांनी विचारलं, बारा वर्षांच्या पुतण्याला तालमीत जायचंय, घालावं का? घालावं. शाळेची हजेरी दर महिन्याला बघावी, डॉक्टर जे सांगतील ते लेखी घेऊन त्याची एक प्रत वस्तादांना द्यावी, प्रमाणपत्रांची फाइल पहिल्या स्पर्धेपासून ठेवावी, घरी येईल तेव्हा कुस्ती सोडून निदान एक तास बोलावं, आणि नावाने हाक मारावी.

जूनमध्ये पुतण्याला सोडायला मुलगाच गेला. वस्तादांना त्याने आधी शाळेची वेळ सांगितली, मग पोराचं वजन.