चाळिशीत जॉब कोच होताना

जॉब कोच म्हणजे दिव्यांग व्यक्तीला नोकरी मिळवायला आणि ते काम शिकायला मदत करणारा माणूस. या कामाकडे वळताना कारखान्यातली पंधरा वर्षं वाया गेली असं मनात आणू नका. शिफ्ट बदलतानाची गडबड, सुपरवायझरचा स्वभाव तुम्हाला आतून माहीत आहे. नुसता कोर्स करून आलेल्याला ते उमगायला वेळ लागतो.

एक समजूत मात्र सोडा: माणसाला आधी 'तयार' करायचं, मग नोकरी शोधायची. वर्षानुवर्षं प्रशिक्षणातच अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. आधी खरी, पगाराची नोकरी, शिकवणं तिथेच. ते काम आधी स्वतः करून बघा, त्याचे बारीक टप्पे पाडा. टप्पा जमला की तिथली मदत कमी करा. हेच सगळ्यात अवघड. सुरुवातीला मी एका तरुणाच्या शेजारी इतके आठवडे उभा राहिलो, की सहकारी त्याच्याऐवजी माझ्याशीच बोलायचे. त्याला तिथे मित्र मिळायला उशीर झाला, तो माझ्यामुळे.

प्रश्न थेट त्या व्यक्तीलाच विचारा, सोबत आलेल्या आईला नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम २७ वाचा. कामाचा हक्क आणि कामाच्या जागी वाजवी सोयी, दोन्ही त्यात आहे. हे माहीत असलं की मालकाशी बोलताना आवाजात अजिजी येत नाही.

कोर्सची फी भरण्याआधी एखाद्या अनुभवी कोचबरोबर दोन-तीन दिवस फिरून या.