ऑफिसात घरचं किती बोलावं?

‘मी ऑफिसात घरचं अवाक्षर काढत नाही, तेच बरं असतं,’ असं तुम्ही पत्राच्या पहिल्याच ओळीत ठसक्यात लिहिलंय. पुढे तक्रार: ‘शेजारी बसणारी पूर्वी कॉफीला हाक मारायची, आता मारत नाही. मॅनेजरही महत्त्वाच्या मीटिंगला बोलवत नाही.’ अहो, या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं लिहिताना मनात आलं नाही का?

तुमची ओढाताण मला कळते. तिकडे भारतात वडिलांचा पार्किन्सन्स, सगळं करणारा भाऊ एकटा, आणि त्याचा फोन यायचा तो नेमका आपल्या इकडच्या, परदेशातल्या मध्यरात्री. सकाळी सुजलेले डोळे घेऊन कामावर हजर. आपल्यापैकी कुणाच्या घरी हे झालेलं नाही? पण हे तुम्हाआम्हाला ठाऊक. शेजारणीला दिसतं ते एवढंच की बाई उशिरा येते, तुटक बोलते, फोन वाजला की उठून बाहेर जाते. आपण कारण सांगितलं नाही की लोक आपापल्या मनाने लावतात, आणि चांगलं काही सहसा लावत नाहीत.

आमच्या ह्यांचंच बघा. सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हा हे फोन घेऊन रिकाम्या मीटिंग रूममध्ये शिरायचे, दार लावून दबक्या आवाजात बोलायचे, तेही मराठीत. ऑफिसने काय ताडलं? हा दुसरीकडे नोकरी शोधतोय! नव्या प्रोजेक्टमधून ह्यांचं नाव गळलं ते त्यापायी. हे आम्हाला कळलं केव्हा, तर एक सहकारी स्वतःच्या निरोपसमारंभात सहज बोलून गेला तेव्हा. पण ‘लोकांना कशाला सांगायचं’ हा त्या घराण्याचा बाणाच. माझा दीरही तसाच, आणि मुलगा त्याच वाटेवर आहे.

सगळं उघडं करा, असं मी म्हणत नाही. क्रिस्टीना निपर्ट-एंग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी लोकांच्या किल्ल्या आणि डायऱ्यासुद्धा तपासल्या होत्या. १९९६ साली तो अभ्यास पुस्तकरूपाने आला. काहींच्या घरच्या आणि कामाच्या किल्ल्या वेगळ्या, डायऱ्याही वेगळ्या. काहींचं सगळं एकाच जुडग्यात. दोन्ही तऱ्हेची माणसं छान काम करतात. पंचाईत होते ती दोन तऱ्हा शेजारी बसल्या की. तुम्हीच लिहिलंय: ‘ती तिच्या घटस्फोटाचं सगळं सांगायची, मी ऐकून घ्यायचे.’ नुसतं ऐकून घ्यायचात! तिने एवढं सांगावं आणि तुम्ही वडिलांच्या आजाराचं नावही काढू नये? तिला वाटलं असणार, हिला माझ्याशी काही देणंघेणं नाही. हाक बंद झाली ती त्यामुळेच, असं माझं मत.

तेव्हा मॅनेजरला एवढंच सांगा: ‘वडील आजारी आहेत, रात्री फोन येतात. काही महिने सकाळची पहिली मीटिंग जमणार नाही, पण काम वेळेत होईल.’ औषधं, रिपोर्ट, भावाशी झालेली भांडणं यातलं काही नको. शेजारणीला थोडं जास्त सांगा, आणि कॉफीला या वेळी तुम्हीच हाक मारा.

न सांगून रजाही हातची जाते. देश तुम्ही कळवला नाहीत, म्हणून दोन्हीकडचं सांगते. अमेरिकेत १९९३च्या कायद्याने आईवडिलांच्या गंभीर आजारात वर्षाकाठी १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. कंपनी निदान ५० माणसांची हवी, तुमचं तिथे वर्ष भरलेलं हवं, बाकी अटी एचआरला विचारा. (सासू-सासरे त्यात धरत नाहीत. आमच्याकडे या माहितीचं विशेष स्वागत झालं नाही.) ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, दीर्घकाळ देखभाल लागणाऱ्या माणसासाठी वर्षाला एक आठवडा, तोही बिनपगारी. पण घरी आजारपण आहे हेच सांगितलं नाहीत, तर मागणार कशी?

आता बाकीचं. मिस्टर म्हणतात नोकरी बदल. आत्ता नको, अमेरिकेत असाल तर नव्या ठिकाणी ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल. ऑफिसातले ते दुसरे मराठी गृहस्थ मंडळात तुमच्याबद्दल बोलतात म्हणे. बोलू देत. मुलाच्या मराठीचा प्रश्न मोठा आहे, त्याला वेगळं पत्र लिहा.