आस्तोर्गा ते पोन्फेर्रादा, सायकलवर

कामिनोचा, म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागोच्या यात्रामार्गाचा, एकच दिवस हातात असेल तर आस्तोर्गा ते पोन्फेर्रादा कर. अंतर जेमतेम पन्नासेक किलोमीटर, पण आकड्यावर जाऊ नकोस. आस्तोर्गा सुमारे ८७० मीटरवर आणि वाटेतला क्रूझ दे फेर्रो हा लोखंडी क्रूस १५०० मीटरवर. राबानाल गावापर्यंत चढ जाणवतही नाही, दम निघतो तो पुढे फोन्सेबादोनपर्यंत. बाटल्या राबानाललाच भरून घे. वर उंच लाकडी खांबावर छोटा लोखंडी क्रूस आणि खाली यात्रेकरूंनी आणलेल्या दगडांचा ढीग दिसेल. फोटोसाठी त्यावर सायकल चढवू नकोस, लोकांच्या भावना असतात त्यात.

खरी काळजी उताराची. क्रूसानंतर एल आसेबो गावाकडे उतरणारी पायवाट पाटीच्या दगडाची, मध्येमध्ये सुटी खडी, पावसात तर साबणच. सीट खाली कर, वजन मागे टाक, ब्रेक सतत दाबून धरू नकोस. दाब, सोड, पुन्हा दाब. पायी चालणारे दिसले की लांबूनच घंटी वाजव आणि वेग कमी कर, वाट आधी त्यांची. जमणार नाही वाटलं तर सरळ डांबरी रस्ता धर, त्यात कसला कमीपणा? तिथेही बेफाम सुटू नकोस. एल आसेबोजवळ सायकलच्या आकाराचं स्मारक आहे, याच भागात जीव गेलेल्या एका जर्मन यात्रेकरूचं.

मोलिनासेकाच्या जुन्या पुलापाशी थांब. पोन्फेर्रादाचा टेंप्लर, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या संघाचा, किल्ला आतून बघायचा असेल तर सकाळी लवकर निघ. आणि कोसिदो मारागातो हे इथलं भरपेट जेवण आदल्या दुपारीच खा: आधी मांस, मग काबुली चणे, सूप शेवटी. ते पोटात घेऊन चढ चढवत नाही.